वजन उतरलं, पण जमिनीवरून उठता येईना

पाऊलखूण

बरेच महिने इथे नुसती वाचत होते. आज लिहायलाच बसले, कारण गेल्या महिन्यात घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही.

माझं वय ५२. काम दिवसभर बसून. दीड वर्षात मी ११ किलो वजन उतरवलं. खाणं जवळपास निम्म्यावर आणलं आणि रोज तासभर चालले, बाकी काही नाही. काट्यावरचा आकडा खाली येत गेला, भेटेल तो कौतुक करत गेला. मीही खूश होते.

मग एक दिवस पलंगाखाली गेलेली वही काढायला जमिनीवर बसले. वही हाताला लागली, पण उठायला गेले तर उठताच येईना. कुठे दुखत नव्हतं, चमक भरली नव्हती. पायांत जोरच नव्हता. शेवटी पलंगाचा काठ धरून, आधी गुडघ्यावर आणि मग पायावर, अशी दोन टप्प्यांत उठले. ११ किलो जड होते तेव्हा मी जमिनीवरून सहज उठत होते!

नंतर बरंच वाचलं. वयाबरोबर स्नायू झिजण्याला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हे नाव १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग या संशोधकाने सुचवलं. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे कमतरता. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर वेग वाढतो, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. त्यात नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त चरबीचा नसतोच, त्यात स्नायूही जातात. म्हणजे वय माझे स्नायू नेत होतंच, मी त्याला हातभार लावला. काट्याला चरबी आणि स्नायू दोन्ही सारखेच. त्याने कधी सांगितलंच नाही की काय गेलं.

आता सुरुवात कुठून करू? व्यायामशाळेत कधी पाऊल ठेवलेलं नाही. खाण्यात काय बदलू? आणि काटा नाही तर मग मोजायचं काय? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मुळाक्षरे

पाऊलखूण, मनापासून लिहिलंत, म्हणून मीही हातचं राखून न ठेवता लिहितो. बरीच वर्षं लोकांना व्यायाम शिकवतोय आणि तुमच्यासारखी गोष्ट दर थोड्या दिवसांनी ऐकतो. वजन कमी झाल्याच्या आनंदात ताकद कधी गेली ते कळतच नाही.

आधी मोजायचं बघू, कारण ते आजच करता येईल. हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडा. हातांचा आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि पाच वेळा बसायचं. लागलेली सेकंदं वहीत लिहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागली तर पायांची ताकद कमी आहे असं धरतात. युरोपातल्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये सुधारलेल्या निकषांत हीच चाचणी आहे. पकड मोजायचं यंत्र मिळालं तर पुरुषांसाठी २७ किलो आणि स्त्रियांसाठी १६ किलो ही त्याच निकषांतली खालची मर्यादा. यंत्र नसलं तरी चालेल, खुर्ची पुरे.

सुरुवातीला चारच हालचाली करा. खुर्चीवरून उठणं-बसणं, बसताना धप्पकन न पडता तीन मोजत खाली येणं. भिंतीवर हात टेकून जोर. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन, पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकणं आणि उठणं. आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून स्वतःकडे ओढणं. (दार बंद आणि कडी पक्की आहे ना, हे आधी पाहा.) प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातले किमान दोन दिवस सांगितले आहेत. लोक त्यातला आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीचा अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि हा दुसरा अर्धा विसरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत. बाराव्या वेळी ‘आणखी दहा सहज होतील’ असं वाटलं, तर तो व्यायाम स्नायूला नवीन काहीच मागत नाही. क्रोटोनच्या मायलो या प्राचीन ग्रीक पहिलवानाची आख्यायिका सांगतात की तो एक वासरू रोज खांद्यावर घ्यायचा, आणि वासराचा बैल झाला तरी उचलतच राहिला. आख्यायिका बाजूला ठेवा, तत्त्व पक्कं आहे. भार हळूहळू वाढला नाही तर ताकदही वाढत नाही.

पहिल्या वेळेनंतर अंग आंबेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखेल आणि मग ओसरेल. घाबरू नका. पण सांध्यात टोचल्यासारखं तीव्र दुखलं, छातीत दडपण आलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. आणि जोर लावताना श्वास कोंडू नका, उठताना सोडा.

संथप्रवाह

धागा उत्तम आहे. पण चालण्याला बोल लागतोय असं वाटलं, म्हणून चार शब्द.

१९५३ मध्ये जेरेमी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसमधल्या चालक आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच बस, सारख्याच परिस्थितीतली माणसं. एक जण दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. वाहकांना हृदयविकार कमी होत होता. शारीरिक हालचालीचं आधुनिक संशोधन इथूनच पुढे वाढलं असं मानतात. कुणी खास व्यायाम करत नव्हतं, कामच तसं होतं.

दहा हजार पावलांचा धसकाही कुणी घेऊ नये. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकाच्या नावातून आला, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मापक. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६ हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी केली. साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा सपाट झाला. असल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे मान्य. पण ‘दहा हजार होत नाहीत म्हणून चालतच नाही’ म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं.

मी ६४ वर्षांचा आहे आणि गेली वीस वर्षं चालण्यानेच मला सांभाळलंय. ते कुणी सोडू नका.

पाऊलखूण

संथप्रवाह, चालणं सोडणार नाही, शब्द देते. चालण्याने माझा दम वाढला, झोप सुधारली, डोकं शांत झालं. फक्त जमिनीवरून उठायला जे लागतं ते त्यातून मिळालं नाही.

मुळाक्षरे, चाचणी केली. १८.४ सेकंदं. चौथ्या वेळी हात आपोआप मांडीवर गेले म्हणून पुन्हा पहिल्यापासून केली. आकडा वहीत लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. पण निदान आता ठाऊक तरी झालं.

निळीशाई

खाण्याबद्दल मी लिहिते. आहारशास्त्र शिकले आहे आणि त्यातच काम करते.

निम्मं खाताना तुम्ही बहुतेक सगळंच निम्मं केलंत. इथेच गडबड झाली. ऊर्जा कमी करायची असेल तेव्हा प्रथिनं कमी करायची नसतात, उलट ताटातला त्यांचा वाटा वाढवायचा असतो. निरोगी प्रौढासाठी किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम ही किमान गरज सांगतात, म्हणजे उणीव होऊ नये इतपत. वय वाढलेल्यांसाठी २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने १.० ते १.२ ग्रॅम सुचवले. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झालं, त्यात १.६ ग्रॅमच्या पुढे फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही. तुमचं वजन ६० किलो धरलं तर ४८ ग्रॅम किमान आणि ७२ ग्रॅम चांगलं लक्ष्य.

७२ ग्रॅम वाटतात त्यापेक्षा अवघड आहेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. पाव लिटर दुधात ८ च्या आसपास. कोरड्या कडधान्यात शंभराला २० ते २५ असतात, पण शिजवल्यावर पाणी शोषलं जातं आणि तेवढ्याच वजनात ८-९ उरतात. या शेवटच्या आकड्यावर बहुतेक जण फसतात. वेष्टनावर कोरड्याचा आकडा वाचतात आणि वाटीभर शिजवलेलं खातात.

सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात ढकलू नका, तिन्ही वेळा वाटून घ्या. सकाळच्या खाण्यात बहुतेकांचं प्रथिन जवळजवळ नसतंच, म्हणून आधी तिथे सुधारणा करा. शाकाहारी असाल तर धान्य आणि कडधान्य दिवसभरात दोन्ही पोटात जाऊ द्या. एकात जे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी असतं ते दुसरं भरून काढतं. प्राणिजन्य काहीच खात नसाल, दूधही नाही, तर ब १२ जीवनसत्त्वाची सोय वेगळी करावी लागते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र माझं वाचून प्रथिनं वाढवू नयेत. त्यांचं गणित वेगळं असतं, ते डॉक्टरच ठरवतील.

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी २० जणांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर मांडलेल्या जेवणातल्या साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण जुळवलेलं होतं. हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास ०.९ किलो वाढली. त्यांचा मनोनिग्रह दोन आठवड्यांपुरता बिघडला नव्हता, माणसं तीच होती. म्हणून मी लोकांना स्वतःला दोष देणं थांबवायला सांगते आणि घरात काय आणून ठेवलंय ते बघायला सांगते.

तिसरीघंटा

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. ग्रॅम, सेकंदं, पावलं… हे सगळं मोजणं काहींना मानवत नाही. मी त्यातली. दोन वर्षं प्रत्येक घास मोजला. रात्री अंथरुणात उद्याच्या जेवणाची बेरीज करायचे. कुणी जेवायला बोलावलं तर जायचे नाही. वजन उतरलं, आणि त्याच्याबरोबर मैत्रिणीही तुटल्या.

तेव्हा एका समुपदेशकांनी १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगाची माहिती वाचायला दिली. ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव हिस्सा घटलं हे अपेक्षितच होतं. पण ती माणसं चिडचिडी, उदास झाली, सतत अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती गोळा करू लागली. ते वाचताना मी पहिल्यांदा रडले. मला वाटायचं माझ्या स्वभावातच खोट आहे. ती उपासमार बोलत होती.

पाऊलखूण, तुमचं कौतुकच आहे. फक्त मोजताना मन घट्ट आवळल्यासारखं होऊ लागलं तर वही मिटा आणि जवळच्या कुणाला तरी सांगा. मी खूप उशिरा सांगितलं.

निळीशाई

तिसरीघंटा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. ज्यांना मोजणं सोसत नाही त्यांना मी आकडे देतच नाही. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ तळहाताएवढा, भाज्या दोन मुठी, एवढंच सांगते. त्याने काम होतं.

रात्रपाळी

माझी अडचण झोपेची. आयडीवरून कळलंच असेल. आठवड्यातल्या चार रात्री जागतो, दिवसा जेमतेम पाच तास झोप. व्यायाम करतो, बरं खातो, तरी पोट तसंच आणि दंड बारीक. माझ्यासारख्याने काय करावं?

मुळाक्षरे

रात्रपाळी, झोप हा तुमच्या व्यायामाचाच भाग समजा. २०१० मधला एक छोटा अभ्यास आहे, दहाच माणसं, पण बोलका. सगळ्यांना सारखंच कमी खाणं दिलं. १४ दिवस झोपेसाठी रोज साडेआठ तास आणि १४ दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत चरबी ५५ टक्क्यांनी कमी गेली आणि चरबीविरहित भाग (स्नायू वगैरे) ६० टक्क्यांनी जास्त गेला. म्हणजे काट्यावर यश तेच, आतला व्यवहार उलटा.

पाळी बदलणं तुमच्या हातात नसेल. मग खोली पूर्ण अंधारी करा, थंड ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सलग सात तास जमत नसतील तर पाच अधिक दीड असे दोन तुकडे करून बघा. आणि रात्र काढून आल्या आल्या जड व्यायाम करू नका, तो सुट्टीच्या दिवसावर ठेवा. आठवड्यातले दोन दिवस पुरतात हे तुमच्यासाठी तर वरदानच आहे.

कोवळेऊन

धागा वाचून आईसाठी विचारतेय. ती ८१ वर्षांची आहे. एकदा पडली, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून भीतीने खुर्चीतून उठतच नाही. आम्हीही सगळं हातात नेऊन देतो. या वयात ताकदीचा व्यायाम म्हणजे भलतंच काही होईल का?

मुळाक्षरे

उलट, आता सर्वांत जास्त गरज आहे. १९९० मध्ये मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांचा चांगला जड व्यायाम दिला, अर्थात देखरेखीखाली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

आणि बसून राहण्याची किंमत किती असते तेही ऐका. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने त्यांची दम टिकवण्याची क्षमता जितकी घटली होती तितकी तीस वर्षांच्या वयानेही घटली नव्हती. तुम्ही प्रेमाने आईला सगळं हातात देताय, मला ते समजतं. पण उठण्याची प्रत्येक संधी तिच्याकडून काढून घेतली जातेय.

आधी फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि पडण्याचं कारण शोधा. चष्मा, औषधं, रक्तदाब, पायातलं पादत्राण, काहीही असू शकतं. मग खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, म्हणजे उठणं सोपं होईल. तुम्ही समोर उभ्या राहा, पण ओढून उठवू नका. दिवसात पाचदा उठणं, बस्स. जमू लागलं की उशी पातळ करा. ओट्याला धरून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभं राहणंही रोज थोडं थोडं.

कोवळेऊन

‘प्रत्येक संधी काढून घेतली जातेय’ हे वाचून बराच वेळ गप्प बसले. आजपासून पाण्याचा पेला मी तिच्या हातात देणार नाही. चार पावलांवर ठेवीन आणि शेजारी उभी राहीन.

पाऊलखूण

तीन आठवडे झाले, हजेरी लावते. पहिल्या व्यायामानंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला, आता तसं होत नाही. सकाळच्या खाण्यात दोन अंडी आणि दूध आलं. वजन ७०० ग्रॅम वाढलं आणि पोटात गोळा आला. जुनी सवय जागी झाली, दुपारचं जेवण टाळावं असं वाटलं. तिसरीघंटा, तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि जेवले.

मधला एक आठवडा पाहुणे आणि कामामुळे पूर्ण बुडाला. दीड वर्षापूर्वीची मी असते तर ‘गेलं सगळं’ म्हणून सोडून दिलं असतं. असं सोडून देण्याचा माझा इतिहास मोठा आहे. कुणाला यातून बाहेर पडायचा मार्ग सापडलाय का?

संथप्रवाह

वाढलेले ७०० ग्रॅम विसरा. स्नायू जी साखर साठवतात, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. तुमचे स्नायू पुन्हा भरायला लागलेत.

बुडालेल्या आठवड्याबद्दल. लंडनच्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींवर बारा आठवडे लक्ष ठेवलं. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवस किंवा त्याहून कमी लागतात असं निघालं, पण माणसामाणसात १८ ते २५४ दिवस इतका फरक (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा खंड पडला नाही. हे वाचलं त्या दिवशी माझ्या मानेवरचं ओझं उतरलं. माझा स्वतःचा नियम आता एकच आहे. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. दुप्पट करायला गेलो की दुखापत होते किंवा कंटाळा येतो. पुढचा ठरलेला दिवस आला की ठरलेलं तेवढंच करायचं.

रात्रपाळी

माझीही हजेरी. खिडकीला जाड काळं कापड लावलं. पाचाचे सव्वासहा तास झाले. दंडाचं अजून काही सांगता येत नाही, पण पाळीच्या शेवटच्या तासात गोड काहीतरी खावंसं वाटायचं ते कमी झालंय.

कोवळेऊन

आई काल स्वतः उठून खिडकीपाशी गेली. उशी अजून आहे, पण पातळ केलीय. सातदा उठली दिवसात. फिजिओथेरपिस्टनी एका औषधाबद्दल शंका घेतली. डॉक्टरांनी ते बदलून दिल्यावर उभं राहताना येणारी चक्करही गेली.

पाऊलखूण

कोवळेऊन, तुमच्या आईची बातमी वाचून आजचा दिवस गोड झाला.

आज दहा आठवडे पूर्ण. पाच उठाबशा १२.६ सेकंदांत झाल्या, तीनदा मोजून खात्री केली. भिंतीवरचे जोर आता ओट्यावर आलेत. वजन सुरुवातीपेक्षा एक किलो जास्त आहे, कपडे मात्र तसेच बसतात. काटा माळ्यावर ठेवलाय. आणि मुद्दाम पलंगापासून लांब, खोलीच्या मधोमध जमिनीवर बसले. एक हात टेकवून उठले, एका दमात. हात न टेकता अजून जमत नाही, दोनदा प्रयत्न केला.

मुळाक्षरे, खुर्चीवरून उठताना आता बाराव्या वेळीही जड जात नाही. पुढे काय करू?

मुळाक्षरे

आता दोन किलो भरलेली पिशवी छातीशी धरून आठ वेळा उठा. दोन आठवडे बाकी काहीच बदलू नका. नंतर खुर्चीऐवजी चार बोटं कमी उंचीचं स्टूल घ्या. जमिनीपर्यंत असंच पोचायचंय.